झिजणारी नोट आणि तांदळाच्या डब्यातले पैसे

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



व्याख्यानाचा विषय फलकावर लागल्यापासून गेले चार दिवस रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो आहे, "काहो, पैसा मुद्दाम झिजवायचा म्हणजे काय? तो आपोआप झिजतोच आहे की!" प्रश्न खोचक आहे आणि रास्तही आहे. महागाई दरसाल चार टक्के धरली, आणि आपल्या रिझर्व्ह बँकेला २०१६ पासून नेमून दिलेले लक्ष्यच चार टक्क्यांचे आहे, तर कपाटात ठेवलेल्या शंभराच्या नोटेची खरेदीशक्ती साधारण अठरा वर्षांत अर्धी होते. तेव्हा झिजणारा पैसा आपल्याला नवा नाही. परंतु आज मी ज्या कल्पनेविषयी बोलणार आहे ती महागाई नव्हे. या दोहोंतला फरक लक्षात आला नाही तर पुढचे सगळेच निसटेल, म्हणून प्रारंभी थोडे थांबून तो सांगतो.

महागाईत वस्तूंचे भाव वाढतात. त्यामुळे रोख बाळगणाऱ्याचे नुकसान होते, तसे निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याचे होते, मुदत ठेव ठेवणाऱ्याचे होते आणि उसने दिलेल्याचेही होते. रुपया हे मापच आखूड होत जाते. आता अशी कल्पना करा की भाव स्थिर आहेत, रुपया हे माप जसेच्या तसे आहे, शंभर रुपयांचे कर्ज पुढच्या वर्षीही शंभरांचेच आहे. फक्त तुमच्या खिशातील कागदी नोट जुनी होते. महिना उलटला की शंभराच्या नोटेवर एक रुपयाचे तिकीट चिकटवावे लागते, नाही तर ती दुकानदार घेत नाही. म्हणजे दंड आहे तो नोट अडवून ठेवण्याला. महिन्याच्या आत ती खर्च केलीत, कोणाला उसनी दिलीत किंवा बँकेत भरलीत, तर तुम्हाला एक पैसाही पडत नाही. महागाईत वस्तू महाग होते. येथे नोट म्हातारी होते.

ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली तो कोणी विद्यापीठातला पंडित नव्हता, व्यापारी होता. सिल्व्हिओ गेसेल त्याचे नाव. जन्म १८६२ चा, सांक्ट फीट या गावचा. ते तेव्हा प्रशियात होते, आज बेल्जियममध्ये आहे. १८८७ साली तो दक्षिण अमेरिकेत, ब्युनोस आयर्सला गेला आणि तेथे त्याने दंतवैद्यांना लागणाऱ्या सामानाचे दुकान थाटले. १८९० च्या सुमारास अर्जेंटिनात मोठे आर्थिक अरिष्ट आले. दुकानात माल आहे, बाहेर गिऱ्हाईक आहे, गिऱ्हाइकाला गरजही आहे, आणि तरीही व्यवहार होत नाही, हे त्याने गल्ल्यावर बसून पाहिले. १८९१ मध्ये त्याने नाण्यांच्या सुधारणेवर पहिली पुस्तिका लिहिली आणि १९१६ मध्ये आपला मुख्य ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्याचे निरीक्षण समजण्यासाठी अर्जेंटिनाला जाण्याची गरज नाही. संध्याकाळी सात वाजता आपल्या मंडईत जावे. सकाळी मेथीची जुडी वीस रुपयांच्या खाली न देणारी बाई सातला ती दहाला देते, आठला 'दोन न्या' म्हणते. कारण मेथी उद्यापर्यंत थांबणार नाही. धान्याला कीड लागते, लोखंड गंजते, कापडाला कसर लागते. आणि मजुराचा आजचा दिवस आज कामाला लागला नाही तर तो कायमचा गेला, तो उद्या विकता येत नाही. या सगळ्यांसमोर उभा असतो तो पैसेवाला. त्याच्या हातातील वस्तू मात्र सडत नाही, गंजत नाही. तो म्हणू शकतो, "मला घाई नाही." गेसेलचे म्हणणे असे की बाजारातील या दोन पक्षांत मुळातच विषमता आहे; थांबण्याची ताकद एकाच पक्षाकडे आहे आणि त्या थांबण्याचे मोल तो व्याज म्हणून वसूल करतो. मग पैशालाही मेथीच्या पंक्तीला बसवा, त्यालाही थोडे कोमेजू द्या.

हा मनुष्य डावा म्हणावा की उजवा, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. एप्रिल १९१९ मध्ये म्युनिकला जे क्रांतिकारी सरकार आले त्यात तो अर्थखात्याचा प्रमुख होता. किती काळ? जेमतेम एक आठवडा! सरकार कोसळले, त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि तो निर्दोष सुटला. तथापि तो मार्क्सवादी नव्हता. खासगी व्यवसाय, मुक्त स्पर्धा, बाजार हे सारे त्याला हवे होते; नको होते ते फक्त पैशाचे आणि जमिनीचे अडवणुकीचे सामर्थ्य. आणखी एक गोष्ट नमूद करायला हवी. व्याजाविरुद्धचा लोकांचा राग एका समाजाविरुद्धच्या द्वेषाकडे वळवणारी मंडळीही त्याच काळात जर्मनीत होती आणि पुढे त्यांनी काय केले ते जगाला ठाऊक आहे. गेसेल त्यांतला नव्हता. १९३० मध्ये तो वारला. त्याची कल्पना व्यवहारात उतरलेली पाहायला तो आणखी दोन वर्षे जगायला हवा होता.

वॉर्गल : चौदा महिन्यांचा प्रयोग

ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतात वॉर्गल नावाचे गाव आहे. रेल्वेचे जंक्शन, चार हजारांहून थोडी अधिक वस्ती. मे १९३१ मध्ये व्हिएन्नातील क्रेडिटआनश्टाल्ट ही मोठी बँक कोसळली आणि मंदीचा वरवंटा लहान गावांपर्यंत येऊन पोहोचला. सिमेंट आणि सेल्युलोजच्या कारखान्यांत काम राहिले नाही, रेल्वेने माणसे कमी केली. गावात चारशेच्या आसपास लोक बेकार झाले, पंचक्रोशीत त्याहून कितीतरी अधिक. नगरपालिकेवर एका बचत बँकेचे सुमारे तेरा लाख शिलिंगांचे कर्ज. लोकांकडे कराची थकबाकी लाखाच्या वर, आणि ती वसूल होण्याची चिन्हे नाहीत, कारण ज्याच्याकडे दोन शिलिंग होते तो ते घट्ट धरून बसला होता.

यात त्याला दोष द्यायचा कसा? मंदीत भाव उतरत असतात. आज दहाला मिळणारी वस्तू पुढल्या महिन्यात नऊला मिळेल हे दिसत असताना शहाणा माणूस खरेदी पुढे ढकलतो. प्रत्येकाने शहाणपणा केला की दुकान बंद पडते, दुकान बंद पडले की कारखाना, आणि अखेर त्याच शहाण्याची नोकरी जाते. घराघरांतले शहाणपण एकत्र येऊन गावाचा वेडेपणा होतो. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात याला मोठी नावे आहेत, पण आपण ती सोडून देऊ.

या गावचा महापौर होता मिखाएल उंटरगुगेनबर्गर. रेल्वेत काम करून वर आलेला, समाजवादी लोकशाही पक्षाचा माणूस. त्याने गेसेल वाचला होता, आणि केवळ वाचला नव्हता तर पचवला होता. गावातल्या सर्व पक्षांच्या प्रतिनिधींशी, दुकानदारांशी, पाद्र्यांशी तो महिनोन्‌महिने बोलत राहिला. जुलै १९३२ च्या अखेरीस नगरपालिकेने स्वतःच्या नोटा काढल्या. एक, पाच आणि दहा शिलिंगांच्या. त्यांना नाव दिले 'श्रमाचे प्रमाणपत्र' अशा अर्थाचे, कारण 'चलन' म्हटले की कायदा आडवा येणार हे त्याला ठाऊक होते. छापल्या बत्तीस हजार शिलिंगांच्या. प्रत्यक्षात एका वेळी फिरत होत्या त्या पाच-सहा हजारांच्या आसपास. जेवढ्या नोटा बाहेर तेवढेच खरे शिलिंग गावच्या पतसंस्थेत ठेवलेले. ज्याला नोट बदलून खरे शिलिंग हवे असतील त्याला दोन टक्के कापून ते मिळत.

आणि मुख्य कळ ही की दरमहा प्रत्येक नोटेवर दर्शनी किमतीच्या एक टक्क्याचे तिकीट लावायचे. तिकीट नगरपालिकेतच मिळायचे आणि त्याचे पैसे गावच्या मदतनिधीत जायचे. दहा शिलिंगांच्या नोटेला दहा ग्रोशन. वर्षाचा हिशेब मांडला तर बारा टक्के. रक्कम लहान दिसते, परंतु महिनाअखेरीला ज्याच्या हातात नोट असेल त्याला ती भरायची, म्हणून नोट कोणाच्याच हातात महिनाअखेरीपर्यंत राहू इच्छीना.

रस्त्यांची, गटारांची, दिवाबत्तीची कामे निघाली, पूल झाला, बर्फावरच्या उड्यांसाठी उतार बांधला. मजुरांना या नोटांत मजुरी मिळाली. नगरपालिकेच्या नोकरांना पगाराचा मोठा भाग याच नोटांत मिळाला, महापौरालाही. मजुराने ती किराणा दुकानदाराला दिली. दुकानदाराने काय करावे? त्याने थकलेला कर भरला. नोट नगरपालिकेत परत आली आणि पुढल्या आठवड्यात पुन्हा मजुरीत गेली. काहींनी तर तिकिटाचा खर्च चुकवण्यासाठी पुढचा कर आगाऊ भरला! आयुष्यातली चौतीस वर्षे एका सहकारी बँकेत वसुलीच्या मागे घालवलेला माणूस म्हणून सांगतो, आगाऊ कर भरणारा नागरिक हे दृश्य पाहण्यासाठी मी तिरोलपर्यंत पायी गेलो असतो.

बेकारी देशभर वाढत असताना वॉर्गलमध्ये ती कमी झाली. शेजारच्या किर्शबिखल गावाने या नोटा सुरू केल्या. तिरोलमधील आणखी गावे तयारीला लागली. परदेशातून लोक पाहायला येऊ लागले. आणि मग व्हिएन्नाला, राष्ट्रीय बँकेत, काळजी सुरू झाली. नोटा काढण्याचा अधिकार कायद्याने एकट्या राष्ट्रीय बँकेचा. जानेवारी १९३३ मध्ये बंदीचा आदेश निघाला. गावाने दाद मागितली, महापौर वरच्या न्यायालयापर्यंत गेला, पण कायद्याच्या दृष्टीने उत्तर एकच होते. सप्टेंबर १९३३ मध्ये नोटा बंद झाल्या. १९३६ मध्ये उंटरगुगेनबर्गर वारला. त्याच्या आधी जर्मनीतही असेच घडले होते. बव्हेरियातील श्वानेनकिर्शेन गावात हेबेकर नावाच्या अभियंत्याने बंद पडलेली कोळशाची खाण घेऊन मजुरांना 'वेरा' नावाच्या झिजणाऱ्या नोटांत पगार दिला. दुकानदार आधी त्या घेईनात, तेव्हा त्याने खाणीवरच माल ठेवून त्या स्वीकारल्या. मग दुकानदारच 'आम्हालाही द्या' म्हणत आले. १९३१ च्या अखेरीस बर्लिनच्या सरकारने तो प्रयोग मोडला.

आता वॉर्गलची गोष्ट ऐकताना भारावून जाणे सोपे आहे आणि गेसेलचे अनुयायी नेमके तेच करतात. बँकेतल्या सवयीमुळे मला खात्याची दुसरी बाजू पाहावीशी वाटते. किती श्रेय तिकिटाचे आणि किती केवळ नगरपालिकेने कामे काढली याचे? बंद पडलेल्या गावात कोणीही मजुरी वाटायला सुरुवात केली की हालचाल होणारच. शिवाय आगाऊ भरलेला कर म्हणजे पुढच्या वर्षीच्या तिजोरीतून काढलेली उचल. ती दर वर्षी मिळत नाही. आणि गावची नोट गावातच चालत असल्याने जो व्यापार वॉर्गलला आला त्यातला काही शेजारच्या गावाचा गेला असणार. प्रयोग चौदा महिन्यांत मारला गेला, म्हणून तो चांगला होता की अल्पजीवी होता हे आपल्याला कधीच कळणार नाही. बंदी घालणाऱ्यांनी त्याच्यावर हा एक उपकारच केला.

अमेरिकेतही त्याच सुमारास ही लाट आली. येल विद्यापीठातील आयर्विंग फिशर हे त्या काळचे अत्यंत नामांकित अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी स्वतःला गेसेलचा नम्र विद्यार्थी म्हणवून घेतले आणि १९३३ मध्ये तिकिटाच्या नोटांवर पुस्तक लिहिले. आयोवा राज्यातील हॉवर्डन गावाने १९३२ मध्ये काढलेल्या नोटांत एक गंमत होती. तिकीट महिन्याला नव्हे तर प्रत्येक व्यवहाराला लावायचे! म्हणजे नोट धरून ठेवणारा मोकळा आणि खर्च करणाऱ्याला दंड. कल्पना नेमकी उलटी टांगली गेली, आणि फिशरांनी ती चूक दाखवून दिली. कॅनडातील अल्बर्टा प्रांताने १९३६ मध्ये दर डॉलरला दर आठवड्याला एक सेंट असा दर ठेवला. वर्षाला बावन्न टक्के! कोणी धड स्वीकारीना. काही महिन्यांत ती योजना गुंडाळावी लागली. औषधाची मात्रा चुकली की वैद्याचे नाव खराब होते.

केन्सचा आक्षेप आणि आपले सोने

१९३६ मध्ये केन्सने आपला जगप्रसिद्ध ग्रंथ लिहिला आणि त्यात गेसेलसाठी काही पाने खर्च केली. भविष्यकाळ मार्क्सपेक्षा या विक्षिप्त ठरवल्या गेलेल्या व्यापाऱ्याकडून अधिक शिकेल, असा त्याचा अभिप्राय. परंतु केन्सने बोट ठेवले ते मर्मावर. लोक रोख का बाळगतात? ती केव्हाही, कोठेही चालते म्हणून. तुम्ही नोटेचा हा गुण काढून घेतलात तर लोक तो गुण दुसऱ्या कशात तरी शोधतील. बँकेतील ठेव, परदेशी चलन, दागिने, मौल्यवान धातू.

केन्सने हे इंग्लंडात बसून लिहिले. आपल्याकडे मात्र हे सांगायला केन्स कशाला हवा? घरातील कोणत्याही आजीला विचारा. नोट झिजणार अशी कुणकुण लागली की संध्याकाळपर्यंत सराफाच्या दुकानापुढे रांग लागेल. युरोपातील शेतकऱ्याने नोट झिजते म्हणून नांगर घेतला असता. आपण बांगड्या घेऊ. आणि त्या बांगड्यांतील सोने बहुतांशी परदेशातून आलेले असते. म्हणजे जो पैसा गावात फिरावा म्हणून ही योजना, तो देशाबाहेरच जायचा. या आक्षेपाला गेसेलवाद्यांकडे मला पटेल असे उत्तर आजवर सापडलेले नाही.

आपल्या सिक्क्यांना लागलेला बट्टा

अशा विषयावर बोलताना 'हे सगळे आपल्याकडे आधीच होते' असे म्हणण्याचा मोह वक्त्याला होतो आणि त्यावर टाळ्याही मिळतात. वयानुसार किंमत गमावणारे नाणे आपल्याकडे खरोखरच होते. पण ते सांगितल्यावर टाळ्या वाजवाव्यात की नाही हे तुम्हीच ठरवा.

अठराव्या शतकातील बंगालचा सिक्का रुपया घ्या. नाण्यावर बादशहाच्या राज्यारोहणापासूनचे वर्ष कोरलेले असे. ज्या वर्षी पाडला त्या वर्षी तो पूर्ण किमतीचा. दुसऱ्या वर्षी त्याला साधारण तीन टक्के बट्टा आणि तिसऱ्या वर्षापासून पाच टक्के. मग तो सिक्का राहत नसे, 'सनवत' म्हणजे जुन्या सनाचा ठरत असे. चांदी तीच, वजन जवळजवळ तेच; नाणे केवळ वयाने मोठे झाले एवढाच गुन्हा. सरकारी महसुलाचा हिशेब मात्र चालू सनाच्या सिक्क्यांत. मग शेतकऱ्याने आपल्या गाठीचा जुना रुपया घेऊन जायचे कोठे? सराफाकडे. सराफ बट्टा कापून नवा देणार, जुना टांकसाळीत नेऊन नवा करून घेणार आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मुर्शिदाबादच्या टांकसाळीवर जगत्सेठ घराण्याचा जो वरचष्मा होता आणि त्यातून जी अफाट संपत्ती साठली, तिच्या मुळाशी हेही एक कारण होते. पुढे कंपनी सरकारने सर्व नाण्यांवर शाह आलमचे एकोणिसावे वर्षच गोठवून टाकले. दर वर्षी पाडलेले नाणे, पण सन तोच, म्हणजे नाण्याचे वयच वाढू नये! १७९३ मध्ये त्याला कायद्याचे रूप मिळाले आणि १८३५ मध्ये कंपनीच्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरला. मराठी मुलखातही निरनिराळ्या टांकसाळींच्या रुपयांना निरनिराळा बट्टा लागत असे. 'घराण्याच्या नावाला बट्टा लागला' असे आपण आजही म्हणतो ते या सराफी व्यवहारातूनच.

मध्ययुगीन जर्मनीतील माग्डेबुर्गचा आर्चबिशप विखमान तर याच्याही पुढे गेला होता. बाराव्या शतकात त्याने वर्षातून दोनदा नाणी परत मागवून बारा जुन्यांबद्दल नऊ नवी देण्याचा क्रम घातला. युरोपातील काही लेखक यामुळे तिकडे समृद्धी आली असे लिहितात. असेलही. ज्यांच्या बारातून तीन गेली त्यांनी इतिहास लिहिला नाही.

वॉर्गलचे तिकीट आणि बंगालचा बट्टा हे दोन्ही एकमेकांसमोर ठेवून पाहिले की मला जे दिसते ते असे. नोट झिजते तेव्हा ती झीज नाहीशी होत नाही, कोणाच्या तरी पदरात पडते. वॉर्गलमध्ये ती मदतनिधीत पडली आणि बेकाराच्या मजुरीतून परत आली. मुर्शिदाबादेत ती सराफाच्या तिजोरीत पडली. यंत्र एकच, परंतु एका गावात सर्वांनी बसून, संमतीने, आपल्या डोळ्यांसमोर ते चालवले. दुसरीकडे ते रयतेच्या डोक्यावरून चालले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध प्रसिद्ध केला आणि पुढे चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष दिली. त्यांचा विषय रुपयाच्या विनिमय दराचा होता, तिकिटाच्या नोटांचा नव्हे. पण त्यांनी धरलेला धागा येथेही उपयोगी आहे. रुपया खाली आणला की लाभ व्यापारी वर्गाचा होतो आणि भार मजुरी-पगारावर जगणाऱ्यावर पडतो, असे त्यांनी मांडले. भार कोणावर, हा प्रश्न आधी.

आजचे तिकीट दिसत नाही

तुम्ही म्हणाल, ही सारी शंभर वर्षांपूर्वीची कथा. तसे नाही. २०१४ मध्ये युरोपच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर शून्याखाली नेला आणि २०१९ मध्ये तो उणे अर्ध्या टक्क्यापर्यंत गेला. बँकांनी मध्यवर्ती बँकेत पैसे ठेवले तर त्यांनाच भाडे! जुलै २०२२ मध्ये तो प्रकार थांबला. जपानने २०१६ मध्ये हाच मार्ग धरला आणि मार्च २०२४ पर्यंत चालवला. त्यांना याहून खाली फारसे का जाता आले नाही? कारण साधी कागदी नोट. ठेवीवर फार कापू लागलात तर लोक पैसे काढून घरी नेतील. घरातील नोटेवर उणे व्याज लावता येत नाही. गेसेलच्या तिकिटाने नेमकी हीच भिंत पाडली असती. म्हणून अमेरिकेतील प्राध्यापक मँक्यू यांनी २००९ मध्ये एका लेखात आपल्या विद्यार्थ्याची अर्धी गमतीची कल्पना सांगितली. वर्षाकाठी एक आकडा चिठ्ठीने काढावा आणि ज्या नोटांच्या क्रमांकाच्या शेवटी तो असेल त्या बाद कराव्यात.

आता कागदाऐवजी चलन मोबाइलमध्ये आले की चिठ्ठीही नको आणि तिकीटही नको. ऑक्टोबर २०२० मध्ये चीनने शेन्झेन शहरात पन्नास हजार लोकांना सोडतीने प्रत्येकी दोनशे युआन डिजिटल स्वरूपात दिले. आठवडाभरात खर्च केले तर ठीक, नाही तर परत. त्याच ऑक्टोबरात, करोनाच्या मंदीत मागणी वाढावी म्हणून, आपल्या केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना दहा हजार रुपयांची बिनव्याजी सण-उचल जाहीर केली. तीही रोख नव्हे तर रुपे कार्डावर, आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत खर्च करण्याच्या अटीवर. सरकार उसने देत होते आणि मुदत घालत होते; मला त्यात आक्षेपार्ह काही वाटत नाही. देणाऱ्याला अट घालण्याचा अधिकार असतो. आपला ई-रुपया १ डिसेंबर २०२२ पासून सामान्यांसाठी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की त्यात विशिष्ट कामासाठीच खर्च होईल अशी सोय आणण्यात येईल, आणि त्याला वैधतेची मुदतही घालता येईल. अनुदानाचा पैसा खतावरच खर्च व्हावा यासाठी ही सोय उत्तम आहे. मोबाइलच्या रिचार्जला 'व्हॅलिडिटी' असते हे आपल्याला पाठ आहेच.

परंतु सरकारने दिलेल्या पैशाला मुदत घालणे वेगळे आणि मी कमावलेल्या पैशाला मुदत घालणे वेगळे. वॉर्गलच्या माणसाला तिकीट दिसत होते. ते त्याने स्वतः विकत घेतले, स्वतः चिकटवले, आणि त्या पैशातून झालेल्या गटारावरून तो रोज चालत गेला. उद्या कळफलकावरच्या एका आज्ञेने झीज लावता आली तर ती कोण लावणार, कोणाला विचारून, आणि ती कोणाच्या निधीत जाणार, हे संसदेत कायद्याने ठरलेले असले पाहिजे. हे मी तंत्रज्ञानाच्या विरोधात बोलत नाही. खातेवहीच्या बाजूने बोलतो आहे.

आणि एक गोष्ट घरातली. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे आणि हजाराच्या जुन्या नोटा बंद झाल्या, त्यानंतर चार दिवसांनी माझ्या आईने तांदळाच्या डब्यातून एक पुरचुंडी काढली. तेव्हा ती ब्याऐंशी वर्षांची. पाचशेच्या तेवीस नोटा. मी आयुष्यभर बँकेत, मुदत ठेवींचे गुणगान गावोगाव करत फिरलेला, आणि माझ्याच घरात साडेअकरा हजार रुपये तांदळात! मी थोडा चिडूनच म्हटले, "अगं, खात्यात ठेवले असतेस तर व्याज मिळालं असतं." ती म्हणाली, "व्याजासाठी नव्हते रे ठेवले. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर तुझी बँक उघडी असते का?"

गेसेलच्या हिशेबात माझी आई साठेबाज ठरते. तिने पैसा अडवून ठेवला, बाजाराला तिष्ठत ठेवले. वस्तुतः तिने अडवला तो पैसा नव्हता. ती भीती होती, आणि त्या भीतीला विम्याचे नाव नव्हते एवढेच. ज्या देशात घरटी आजारपणाचा खर्च अजून मोठ्या प्रमाणात खिशातून होतो, तेथे डब्यातल्या नोटेवर महिना एक टक्का लावणे म्हणजे त्या भीतीवर कर लावणे आहे. थांबण्याची ताकद असलेला धनिक आणि थांबण्यावाचून गत्यंतर नसलेली बाई, दोघांच्याही हातात नोट सारखीच दिसते. तिकिटाला त्यांतला फरक कळत नाही. वॉर्गलच्या प्रयोगाविषयी मला आदर आहे, मंदीच्या खाईत सापडलेल्या गावाला तो पुन्हा करावासा वाटला तर मी त्याच्या बाजूने साक्ष देईन. पण नित्याच्या काळात, भाव वाढत असलेल्या देशात, त्याची शिफारस मी करणार नाही. त्या तेवीस नोटा मी रांगेत उभा राहून तिच्या खात्यात भरल्या. पासबुक तिने पाहिले, आणि पुढच्या महिन्यात दोन हजार काढून आणायला सांगितले. सुट्टे, शंभराच्या नोटांत.

अध्यक्ष महोदय घड्याळाकडे पाहत आहेत, पण एक चिठ्ठी आली आहे तेवढी घेतो. "आपल्या गावाने वॉर्गलसारखी स्वतःची नोट काढली तर चालेल काय?" नाही. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या बाविसाव्या कलमाने चलनी नोटा काढण्याचा अधिकार एकट्या रिझर्व्ह बँकेचा आहे, आणि एकतिसाव्या कलमाने मागताक्षणी धारकाला पैसे देण्याची वचनचिठ्ठी इतर कोणालाही काढता येत नाही. व्हिएन्नाच्या बँकेने उंटरगुगेनबर्गरला जे सांगितले तेच आपल्यालाही सांगितले जाईल. जर्मनीत, बव्हेरियातील प्रीन गावी, २००३ मध्ये एका शिक्षकाने विद्यार्थ्यांना हाताशी धरून 'कीमगाउअर' नावाची झिजणारी स्थानिक नोट सुरू केली. ती कुपनाच्या स्वरूपात, युरो भरून घ्यायची, आणि पुन्हा युरो हवे असतील तर पाच टक्के कापून. त्यातले तीन टक्के गावातील संस्थांना जातात. चिठ्ठी लिहिणाऱ्याने खाली आणखी विचारले आहे की दुकानदार सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट देतो ते या कायद्यात बसते काय. त्याचे उत्तर मी बाहेर चहाच्या वेळी देईन.